लघुपटासाठी कॅमेरा घेताना: आधी सर्वांत अवघड प्रसंग कागदावर उतरवा

ओसरी

"लघुपट करायचाय, कुठला कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न या चर्चामंचावर दर पंधरा दिवसांनी येतो आणि दर वेळी पाच जण पाच मॉडेलं सांगून मोकळे होतात. ते कॅमेरे वाईट नसतात, पण चित्रित काय करायचंय हे कुणी विचारतच नाही. म्हणून हा धागा. एकच उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत त्यालाच चिकटून राहू.

उदाहरण असं. १२ मिनिटांचा लघुपट. दोन पात्रं, जुन्या वाड्यातलं माजघर, तिन्हीसांजेला दोघांत चार मिनिटांचं बोलणं. एक पात्र पाटावर बसलेलं, दुसरं उठून खिडकीपर्यंत जाऊन परत येणारं. शिवाय भर दुपारी अंगणातला एक प्रसंग. सगळं मिळून बजेट एक लाख रुपये, म्हणजे कॅमेऱ्याचे एक लाख नव्हेत.

यात अवघड काय, तर माजघर. उजेड कमी, जागा लहान, माणूस हलतोय आणि प्रत्येक शब्द ऐकू यायला हवा. कॅमेरा या प्रसंगावर उतरला तर बाकी सगळं निभतं. अंगणातल्या उन्हात कुठलाही कॅमेरा छान दिसतो, आणि यूट्यूबवरचे नमुने बहुतेक तसल्याच उजेडात घेतलेले असतात.

माझी वाटणी अशी: बॉडी आणि लेन्स मिळून ५५ हजार, आवाजाला १७, दिवे १०, फ्लुइड हेडचा (कॅमेरा संथ वळवता येणारा) ट्रायपॉड ८, आणि कार्डं, जादा बॅटऱ्या, एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच), हार्ड डिस्क यांना १०. या आकड्यात नवी बॉडी आणि चांगली लेन्स दोन्ही बसवणं कठीण, म्हणजे बॉडी वापरलेली घ्यावी लागेल. मला ते चालतं. आवाजाचे १७ हजार मात्र कुणी बॉडीकडे वळवू नयेत.

आगाशी

सहमत. माजघराचा हिशेब आकड्यांत मांडतो, म्हणजे लेन्स आधी का ते दिसेल.

सोनी एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) बॉडीबरोबर येणारी १६-५० किट लेन्स ५० मिमीला एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं). सिग्मा ३० मिमी एफ १.४ वर उघडते. ५.६, ४, २.८, २, १.४ असे मोजा: चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे सोळा पट उजेड. किट लेन्सवर ज्या चित्राला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १२८०० लागेल, तेच चित्र या लेन्सवर ८०० ला मिळतं. १२८०० वर कोपऱ्यातला अंधार मुंग्यांसारखा वळवळतो, ८०० वर तो नुसता अंधार असतो. एपीएस-सी सोडून फुल फ्रेम (मोठा सेन्सर) घेतली तर फरक पडतो साधारण एक-सव्वा स्टॉपचा. पैसे कुठे घालायचे ते यावरून ठरवा.

यात एक मेख आहे. एफ १.४ वर जवळून चेहरा घेतला तर एक डोळा स्पष्ट आणि कान पुसट होतो. बोलता बोलता पात्र चार बोटं पुढे झुकलं की फोकस गेलाच. संवादाला एफ २ ते २.८ ठेवा आणि उरलेला उजेड दिव्याने भरा. १.४ लेन्सचा खरा उपयोग असा की ती २ वर आणल्यावर आणखी धारदार होते. किट लेन्स तर तिथवर पोचतच नाही.

कोरा कागद

कॅनन एम५० वापरलेला बराच स्वस्त मिळतो, त्यात फोर-के आहे, ऑटोफोकसची ख्यातीही चांगली आहे. या उदाहरणाला का नको?

आगाशी

@कोरा कागद, त्याची ऑटोफोकसची ख्याती फुल एचडीतली आहे. फोर-के लावलं की ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (कॅननची पटकन फोकस धरणारी पद्धत) बंद होतो आणि कॅमेरा कॉन्ट्रास्टवर चाचपडत फोकस शोधतो. त्यात चित्र आणखी १.५६ पट कापलं जातं. लहान सेन्सरमुळे मूळच्या १.६ पट कापण्याबरोबर ते अडीच पट होतं. किटच्या १५-४५ लेन्सच्या रुंद टोकाला, दहा फुटांवरून फुल एचडीत साधारण १५ फूट रुंदी मावते, फोर-केत जेमतेम साडेनऊ. माजघरात भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं तरी दोन माणसं एका चौकटीत बसवताना दमछाक होणार. कॅनन २०० डी मार्क टूचं फोर-केही असंच कापलेलं आणि ड्युअल पिक्सेलविना आहे.

एम५० घ्यायचा तर फुल एचडीसाठी घ्या. १२ मिनिटांच्या लघुपटाला फुल एचडी अजिबात कमी नाही. शिवाय त्याचा ईएफ-एम माउंट (लेन्स बसवायची खाच) कॅननने बंद केलाय, त्यामुळे आज घेतलेल्या लेन्स पुढच्या बॉडीला चालणार नाहीत.

ओसरी

म्हणूनच कुठल्याही मॉडेलचं "फोर-के आहे" हे वाक्य अर्धवट धरायचं. पुढचे तीन प्रश्न विचारा: कापून आहे का, ऑटोफोकस तोच राहतो का, सेकंदाला किती फ्रेम्सपर्यंत?

उदाहरणापुरते तीन पर्याय मांडते.

सोनी झेडव्ही-ई१० (२०२१). एपीएस-सी, फोर-के २५ फ्रेम्सला कापत नाही, ३० ला थोडं कापतं. चेहऱ्यावरचा ऑटोफोकस भरवशाचा, म्हणजे खिडकीकडे जाऊन परत येणारं पात्र तो सांभाळतो. माइक आणि हेडफोन दोन्ही जॅक आहेत. उणं असं: बॉडीत स्थिरीकरण नाही, चित्र ८ बिटांचं (रंगांच्या पायऱ्या कमी), व्ह्यूफाइंडर नाही त्यामुळे दुपारच्या अंगणात पडद्यावर काही दिसत नाही, आणि रोलिंग शटर ठळक आहे. कॅमेरा झटकन वळवला की खांब तिरके होतात. ट्रायपॉडवर संथ कामाला उत्तम.

पॅनासॉनिक जीएच५ (२०१७), वापरलेला. मायक्रो फोर थर्ड्स (एपीएस-सीहून लहान सेन्सर), बॉडीत स्थिरीकरण, आतल्या आत १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती), वेव्हफॉर्म (उजेड दाखवणारा आलेख), पूर्ण आकाराचा एचडीएमआय, रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही. चालू शॉटमधला ऑटोफोकस मात्र श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतो. तो बंद करून हातानेच फोकस करायचा. अंधारात आयएसओ १६०० च्या वर मी जाणार नाही, फार तर ३२००.

ब्लॅकमॅजिक पॉकेट फोर-के (२०१८). रंगांच्या बाबतीत या तिघांत मला हाच आवडतो. मूळ आयएसओ दोन, ४०० आणि ३२००, म्हणून माजघरात तगतो. पण स्थिरीकरण नाही, पात्रामागे जाणारा ऑटोफोकस नाही, एलपी-ई६ बॅटरी पाऊण तासाच्या आसपास संपते, आणि सर्वांत जास्त दाबलेल्या १२:१ बीरॉमध्येही (ब्लॅकमॅजिकच्या कच्च्या फाइलमध्ये) तासाला साधारण १०० जीबी जातात. एक लाखात हा घेतला तर आवाजाला काही उरत नाही.

फोकस ओढायला वेगळा माणूस असेल तर जीएच५. कॅमेरा आणि दिग्दर्शन एकाच माणसाकडे असेल तर झेडव्ही-ई१०. माजघराच्या प्रसंगापुरतं माझं मत झेडव्ही-ई१० च्या बाजूने पडतं.

घाटमाथा

अंगणाबद्दल कुणी बोललं नाही. ऊन सोपं असतं हे पटत नाही, कारण व्हिडिओत शटर आपल्या हातात नसतं.

२५ फ्रेम्सला शटर १/५० सेकंद ठेवायचं, म्हणजे हालचालीत नैसर्गिक पुसटपणा राहतो. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/५० ला अॅपर्चर एफ २२ पर्यंत मिटवावं लागतं. आपल्याला हवंय एफ २.८. मधले स्टॉप सहा, म्हणून एनडी ६४ (उजेड ६४ पट कमी करणारा). लॉग (नंतर रंग भरण्यासाठी मुद्दाम फिकट घेतलेलं चित्र) वापरत असाल आणि कॅमेरा आयएसओ ८०० च्या खाली उतरत नसेल, तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी ५१२. बाजारातले बहुतेक व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करायचे) एनडी २ ते ५ स्टॉपचे असतात, ते या कामाला अपुरे पडतात. शेवटच्या टोकाला फिरवले की चित्रावर फुलीसारखा काळा पट्टा येतो, विशेषतः रुंद लेन्सवर. ६ ते ९ स्टॉपचा वेगळा घ्या.

फिल्टर सगळ्यांत मोठ्या व्यासाच्या लेन्सच्या मापाचा घेऊन बाकीच्यांना स्टेप-अप रिंग लावा. दर लेन्सला वेगळा फिल्टर म्हणजे पैसे पाण्यात.

एनडी नाही म्हणून शटर १/२००० केलं तर चालणारं माणूस टकटक तुटक दिसतं, आणि उडणारी धूळ टाचणीच्या टोकांसारखी दिसते. एडिटिंगमध्ये ते नीट दुरुस्त होत नाही.

रातकिडा

शटरचं दुसरं कारण आपली वीज. भारतात ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/५० मध्ये बरोबर दोन ठोके मावतात, १/१०० मध्ये एक, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. १/६० ठेवलं की हिशेब तुटतो आणि भिंतीवरून काळसर पट्टे वर सरकताना दिसतात. लहान पडद्यावर ते चटकन कळत नाहीत, घरी मोठ्या मॉनिटरवर कळतात.

२५ की २४ यावर नेहमी वाद होतो. २४ फ्रेम्सलाही १/५० च ठेवा. शटर वेळेऐवजी अंशांत (अँगलने) मोजणाऱ्या कॅमेऱ्यात तो १७२.८ अंश. महोत्सवात डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) द्यायची शक्यता असेल तर सुरुवातीपासून २४ धरा. नंतर २५ चं २४ केलं की चित्रपट चार टक्के मंदावतो, १० मिनिटांचा १० मिनिटे २५ सेकंदांचा होतो आणि आवाजही तितकाच खाली उतरतो. फक्त यूट्यूबसाठी असेल तर २५ निर्धास्त वापरा.

काही स्वस्त एलईडी बल्ब डिमरवर लावले की १/५० लाही फडफडतात. लोकेशनवरचा प्रत्येक दिवा पेटवून वीस-वीस सेकंद रेकॉर्ड करून बघा, फडफडणारा बदला.

परदेशी पाटा

अमेरिकेतल्या वाचकांसाठी भर. इथे ६० हर्ट्झ आहे. १/६० ठेवा, २४ फ्रेम्सला तो १४४ अंश होतो. भारतातून आणलेल्या सोनीवर पाल-एनटीएससी (५० आणि ६० हर्ट्झच्या देशांच्या व्हिडिओ पद्धती) बदलता येतं, पण बदलताना कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. आधी फाइल्स उतरवून घ्या. आणि वापरलेला जपानी बाजारातला सोनी कुणी देत असेल तर मेनू आधी उघडून बघा, त्यात फक्त जपानी भाषा असू शकते.

कोरा कागद

आणि मोबाइल? एक लाखाचं बजेटच नसेल तर?

रातकिडा

मोबाइल चालतो, पण आपोआप चालणारं सगळं बंद करायला लागतं. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अॅप आयफोन आणि अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांवर फुकट आहे, त्यात शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळ्यांना कुलूप लावता येतं. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात २५ फ्रेम्स हव्या असतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे शो पाल फॉरमॅट्स चालू करा.

घोटाळा होतो तो नंतर. बरेच फोन फ्रेम्सचा वेग स्थिर ठेवत नाहीत. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि चार मिनिटांच्या टेकच्या शेवटी ओठांच्या पुढे-मागे जातो. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून फाइल बदलून घ्या. फोनच्या मुख्य लेन्सवरच राहा. टेलिफोटो आणि अल्ट्रावाइडचे सेन्सर लहान असतात, माजघरात त्यांचं चित्र चिखल होतं.

पितळी समई

आता आवाज. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हौशी लघुपट बहुतेक इथेच पडतात. थोडं काळपट चित्र प्रेक्षक सहन करतो. बोलणं ऐकू आलं नाही तर दुसऱ्या मिनिटाला बाजूला होतो.

कॅमेऱ्याच्या बॉडीवरचा माइक फक्त जुळवणीपुरता. बोलण्याचा माइक तोंडापासून अर्धा मीटर असावा. अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि खोलीचा घुमारा तसाच राहतो. म्हणजे दोन मीटरवर कॅमेऱ्यावर बसवलेला महागडा शॉटगन (एका दिशेचा आवाज घेणारा लांब) माइक, अर्ध्या मीटरवरच्या साध्या माइकपुढे हरतो. माजघराला शेणानं सारवलेली जमीन आणि जाड भिंती असतील तर नशीब. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर चौकटीबाहेर चारही बाजूंना गोधड्या टांगा, जमिनीवर सतरंजी पसरा. यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी उपाय नाही.

बोया बीवाय-एम१ हा कॉलर माइक सगळ्यांकडे असतो, आणि बहुतेक सगळे तो एकाच चुकीने वापरतात. वायरीच्या मधोमध जी डबी आहे तिच्यावर बारीक सरकपट्टी असते: एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला स्मार्टफोन, आणि तीच बंद करायचीही जागा. कॅमेऱ्याला जोडताना ती कॅमेरा बाजूला हवी, आणि तेव्हा डबीतली एलआर४४ बटण बॅटरी लागते. बॅटरी मेली की आवाज एकदम जात नाही, पातळ आणि खरखरीत होत जातो, म्हणून हेडफोन न लावणाऱ्याला घरी पोचेपर्यंत पत्ता लागत नाही. डबी उघडून बॅटरीची दिशा बघा, नवी घाला, दोन जादा खिशात ठेवा.

माइक साडीच्या काठाखाली लपवताना कापड घासल्याचा आवाज येतो. चिकटपट्टीचे दोन त्रिकोण करा, चिकट बाजू बाहेर ठेवून माइक मध्ये दाबा, एक बाजू कापडाला आणि एक अंगाला. वायरीला माइकखाली एक सैल वेटोळं द्या, म्हणजे ओढ वायरीवर येते, माइकवर नाही. मंगळसूत्र आणि बांगड्यांचा आवाज कुठल्याच माइकने टळत नाही. जवळच्या शॉटमध्ये हात दिसत नसतील तर बांगड्या उतरवून ठेवा.

कॅमेऱ्यात ऑटो लेव्हल बंद करा. ती चालू असली की वाक्य संपताच कॅमेरा आवाज वाढवतो आणि प्रत्येक विरामात सूं ऐकू येतं. सोनीत रेकॉर्डिंग लेव्हल ० ते ३१ असते. सोनीचा आतला प्रीअॅम्प (माइकचा आवाज वाढवणारा भाग) खरखरतो, म्हणून ती १ ते ३ वर आणा आणि माइककडे स्वतःची वाढ असेल तर तिथून वाढवा. बोलणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलमध्ये, मोठ्यातलं मोठं वाक्यही उणे ६ च्या खाली.

वेगळा रेकॉर्डर घेणार असाल तर ३२ बिट फ्लोटवाला झूम एच१ एसेन्शियल बघा. त्यात लेव्हल लावायचीच नसते, ओरडणंही नंतर खाली आणता येतं. मात्र माइकची स्वतःची मर्यादा ओलांडली गेली तर तेही वाचवत नाही. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि प्रत्येक टेकला चौकटीत एक टाळी वाजवा.

फ्रिज बंद करायचा. बंद केलेला फ्रिज परत चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. किल्लीशिवाय कुणी घरी जात नाही. आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. दोन टेक जोडताना मधली फट याच शांततेने बुजते.

घाटमाथा

समईताईंना +१. पावसाळ्यात शूट असेल तर पत्र्यावरचा पाऊस हा वेगळाच प्रश्न. तो आवाज बोलण्याच्याच पट्ट्यात पसरलेला असतो, पूर्ण निघत नाही. पत्र्याचं छप्पर असलेलं लोकेशन जुलै-ऑगस्टला घेऊच नका. घेतलंच तर त्याच जागी, त्याच माइकवर, लगेच संवाद पुन्हा बोलून घ्या, ओठांची लय तेव्हाच ताजी असते.

कोरा कागद

ओसरीने जीएच५ चे १० बिट सांगितले. झेडव्ही-ई१० मध्येही एस-लॉग ३ आहे. मग ८ बिटांत लॉग घेतलं तर बिघडतं काय?

ओसरी

भिंत बिघडते. ८ बिटांत एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटांत १०२४. लॉग चित्र मुद्दाम फिकट आणि दाबलेलं ठेवतं, म्हणजे त्या २५६ मधल्या थोड्याच पायऱ्या वापरल्या जातात. नंतर ते ताणून मूळ रंगावर आणताना पायऱ्या उघड्या पडतात. चुन्याच्या भिंतीवर खिडकीतून उतरत जाणारा उजेड हा त्याचा सर्वांत वाईट बळी. सलग उतार जाऊन नकाशातल्या रेषांसारखे पट्टे दिसतात. ८ बिट कॅमेऱ्यावर साधं पिक्चर प्रोफाइल ठेवा, कॉन्ट्रास्ट थोडा कमी, आणि रंग जागेवरच बरोबर घ्या.

१० बिटांना किंमत मोजावी लागते ती कॉम्प्युटरवर. विंडोजवर डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत १० बिट ४:२:२ फाइल बऱ्याचदा उघडत नाही, आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळं. तेव्हा शटर एन्कोडर या प्रोग्रॅममध्ये फाइल डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या प्रकारात बदलून घ्यावी लागते. एचक्यू नव्हे, ते ८ बिटांचं आहे. कॅमेरा घेण्याआधी त्याच्या मूळ फाइलचा नमुना मिळवून स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघा.

आगाशी

एक्स्पोजरबद्दल एक महत्त्वाचं. चेहऱ्यासाठी झेब्रा (ठरलेल्या उजेडाच्या भागावर पडद्यात दिसणारे पट्टे) ७० वर लावा असं परदेशी व्हिडिओंत सांगतात. तो आकडा गोऱ्या त्वचेला धरून आहे. सावळ्या चेहऱ्याला ७० वर आणलं तर तो राखाडी-फिकट होतो, तेज जातं. ५० ते ६० च्या मध्ये ठेवा, आणि दोन पात्रांचे रंग वेगळे असतील तर दोघांना एकाच आकड्यावर आणायचा हट्ट धरू नका. प्रत्यक्षातला फरक चित्रात राहू दे.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर कधीच नको. पात्र खिडकीजवळ गेलं की चित्र निळसरवरून पिवळ्याकडे सरकतं आणि ती सरक शॉटच्या मध्यावर दिसते. खिडकीचा उजेड ५६०० केल्विनच्या पुढे, पिवळा बल्ब २७०० ते ३०००. माजघरात ४३०० च्या आसपास कुलूप लावलं तर खिडकी किंचित निळी आणि दिवा किंचित पिवळा राहतो, तिन्हीसांजेला तेच शोभतं. पांढरी ट्यूब मात्र बंद करा, तिच्यातली हिरवट छटा चेहऱ्यावर बसते. दिवे विकत घेण्याआधी थर्माकोलचे दोन मोठे ताव आणि एक काळी चादर आणा. खिडकीसमोर थर्माकोल धरला की चेहऱ्याची अंधारी बाजू उचलली जाते, चादर धरली की आणखी बुडते.

घाटमाथा

वापरलेली बॉडी घेताना काय बघायचं हे राहिलं. फोर्टातल्या बोरा बाजारातून घ्या नाहीतर ओळखीच्याकडून, तपासणी तीच.

लेन्स एफ १६ वर मिटवून पांढरी भिंत मुद्दाम पुसट घ्या, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. धूळ निघते, ओरखडा निघत नाही. झाकण लावून आयएसओ ३२०० वर एक मिनिट रेकॉर्ड करा, लाल-निळे स्थिर ठिपके आले तर पिक्सेल बिघडलेले. माइक लावून हेडफोनवर ऐकत प्लग हलकेच हलवा. कट-कट आलं तर जॅक सैल झालाय, नाद सोडा. एचडीएमआयचंही तसंच. मग सर्वांत वरच्या सेटिंगवर सलग ३० मिनिटं रेकॉर्ड करा. तापून बंद पडणारा कॅमेरा दुकानाच्या एसीत पडत नाही, म्हणून हे बाहेर करा. जुन्या काही बॉडींत २९ मिनिटे ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. तो बिघाड नाही, मर्यादा आहे. लेन्समधून मागून टॉर्चचा झोत टाका. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी, आणि ती पावसाळ्यात वाढतेच. कॅमेऱ्याची बॅटरी टेबलावर ठेवून फिरवा, भोवऱ्यासारखी फिरली तर फुगलीय. बिलावरचा आणि बॉडीवरचा अनुक्रमांक जुळवा. शटर काउंटचा व्हिडिओशी जवळजवळ संबंध नाही, त्यावर भाव वाढवून देऊ नका.

मुंबई-कोकणात कॅमेरा कापडी बॅगेत ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रता काटा, ४० ते ५० टक्के. एसीतून बाहेर आल्यावर कॅमेरा काढण्याआधी बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर दव धरतं.

रातकिडा

कार्डाचा हिशेब. झेडव्ही-ई१० चे १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. १२ मिनिटांच्या लघुपटाला आठास एक (एका मिनिटासाठी आठ मिनिटांचं चित्रण) धरलं तर ९६ मिनिटं, ७२ जीबी. जीएच५ च्या १५० एमबीपीएसला १०८ जीबी. दोन्हींना व्ही३० वेगाचं कार्ड पुरतं. जीएच५ चं ४०० एमबीपीएस वापरायचं असेल तरच व्ही६०. एक २५६ चं कार्ड घेण्यापेक्षा १२८ ची दोन घ्या, एक बिघडलं तर अर्धा दिवस तरी हाती राहतो. बनावट कार्डं सर्रास मिळतात, आकडा १२८ चा आणि आत ३२. घेतल्या दिवशी एच२टेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण भरून तपासा. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत होऊन दोन्हींतल्या फाइल्स उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट नाही.

कोरा कागद

समजलं. मग घेण्याआधी भाड्याने आणून बघायचं झालं तर एका दिवसात नेमकं काय तपासू? आणि झेडव्ही-ई१० ला बॅटऱ्या किती लागतील?

ओसरी

दिवसभराचं भाडं द्या, पण कॅमेरा दुपारी हातात घ्या, कारण तिन्हीसांज हवी. खऱ्या माजघरात, नसेल तर तसल्याच खोलीत, तीन शॉट: खिडकीशेजारी बसलेला चेहरा एफ २ वर, उठून खिडकीकडे जाऊन परत येणं ऑटोफोकसवर, आणि दोघांचा एकत्र रुंद शॉट. तिन्ही आयएसओ ८००, १६०० आणि ३२०० ला. सगळ्यांत संवाद बोलून घ्या. रात्री ते मोठ्या टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर नको, आणि एकदा डोळे मिटून नुसते ऐका. पॅन करणार असाल तर तोही घ्या. एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद लागतील इतक्या संथपणे. त्याहून वेगाने नेली तर २४-२५ फ्रेम्सला चित्र थरथरतं, आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो.

एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी साधारण तासभर धरा. चार असाव्यात. ट्रायपॉडवरच्या शॉटना यूएसबी-सीतून पॉवर बँक लावता येते, मेनूत यूएसबी पॉवर सप्लाय चालू करून. पॉवर बँक ट्रायपॉडच्या पायाला पट्ट्याने बांधा आणि वायर हँडलला एक वेढा देऊन मग बॉडीत घाला. कुणाचा पाय अडकला तर ओढ हँडलवर येईल, सॉकेट वाचेल.